पथारी टाका, बोट सुटतेय

साल १९५३, मे महिन्याचा पहिला आठवडा. डॉकयार्ड रोड स्टेशनाच्या पायऱ्या उतरून तुम्ही रस्त्यावर आला आहात. भाऊचा धक्का कुठे, हे कुणाला विचारू नका. डोक्यावर पत्र्याची ट्रंक, काखेत वळकटी आणि हाताशी झोपाळलेलं पोर अशी माणसं दिसतील, त्यांच्या मागून चालू लागा. सगळी गावाला निघाली आहेत. काहीजण गिरणीची रात्रपाळी संपवून थेट आले आहेत. त्यांच्या केसांत अजून कापसाची तुसं अडकलेली आहेत.

मुंबईहून तळकोकणात जायला दुसरी वाट आहे. रेल्वेनं कोल्हापूर गाठायचं आणि तिथून एस.टी.नं फोंडा किंवा आंबोलीचा घाट उतरायचा. पण बरोबर म्हातारी आई, दोन पोरं आणि सात डाग असले, की ही वाट माणसाला रडवते. किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली जावं म्हटलं, तर दर काही कोसांवर एक खाडी आडवी येते. पूल नाहीत, तरीची वाट बघत बसायचं. म्हणून बोट. बोटीला खाड्या ओलांडाव्या लागत नाहीत, ती प्रत्येक खाडीच्या तोंडाशी जाऊन उभी राहते.

धक्क्यावर पोहोचलात. ज्या भाऊंचं नाव याला आहे ते लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. त्यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेला मूळ धक्का वेगळ्या जागी होता. जागा बदलली तरी लोकांनी नाव सोडलं नाही. कोकणी माणसाला नाव सोडणं जमतच नाही, हे तुम्हाला तिकिटाच्या रांगेतही कळेल. तिकिटावर ‘बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ असं छापलेलं असलं, तरी पुढचा म्हातारा तिला ‘शेपर्ड कंपनी’च म्हणतो. शेफर्ड नावाच्या साहेबाचा कारभार कधीच संपला. १९३९ मध्ये ती कंपनी वालचंद हिराचंदांच्या सिंदिया कंपनीनं विकत घेतली. म्हाताऱ्याच्या लेखी ती अजून शेपर्डच आहे. रांगेत आणखी एक आठवण निघते, ‘माझी आगबोट’ कंपनीची. स्वदेशीच्या भरात गोऱ्या कंपनीशी टक्कर द्यायला निघालेल्या या कंपनीनं बोटींना संतांची नावं दिली, म्हणजे वारकरी माणूस आपसूक आपल्या बोटीत चढेल.

“आज कोणती लागलीय? चंद्रावती, का रोहिदास?” मागून कुणीतरी विचारतं. प्रत्येकाची एक लाडकी बोट आहे. अमकी कमी हलते, तमकीचा भोंगा अमुक कोसांवरून ऐकू येतो, असे वाद रांगेत रंगतात. तुम्ही नवखे आहात. गप्प राहा आणि फळी लागली की पळा.

खरंच पळा. तुमचं तिकीट डेकचं आहे आणि डेकवर जागा कुणाच्या नावाची नसते. ज्याची पथारी आधी पडली त्याची जागा. अनुभवी घरांतून एक चपळ पोरगा पुढे घुसवलेला असतो. तो चादर फेकतो, चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवतो आणि मध्ये ठाण मांडून बसतो. इंजिनाजवळ बसू नका, तिथे गरम होतं आणि तेलाचा वास येतो. अगदी कठड्याला लागूनही बसू नका, पाणी उडतं. जिन्याजवळ तर मुळीच नको, रात्रभर माणसं तुमच्या पायांवरून जातील. एवढं सगळं टाळल्यावर जी जागा उरते, तिथे आधीच कुणीतरी बसलेलं असतं. ते थोडं सरकतात. सरकायचंच असतं. डेक म्हणजे आडवी पडलेली चाळ; एकदा शेजार लागला, की तो निभावायचा.

तुमच्या शेजारी मालवणचं एक कुटुंब आहे. आजोबा डोक्यावरची टोपी न काढता तुमच्याकडे नीट बघून घेतात.

“गाव खंयचा?”

तुम्ही काहीतरी सांगता. त्यांना ते पटत नाही, पण ते सोडून देतात.

भोंगा होतो. दोर सुटतात. धक्क्यावर राहिलेल्या बायका पदर तोंडाला लावतात आणि बोटीवरची माणसं उगाचच मोठ्यानं हसतात. उजव्या हाताला कुलाब्याचं टोक आणि प्राँग्जचा दीपस्तंभ मागे पडतो. मग आजोबा डावीकडे रेवसच्या दिशेला बोट दाखवतात आणि आवाज खाली आणतात.

“थंयसर रामदास गेली.”

सहा वर्षंही झालेली नाहीत. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येचा दिवस. ‘रामदास’ सकाळी याच धक्क्यावरून रेवसला निघाली होती. सणासाठी घरी जाणाऱ्यांची झिम्मड होती. वादळी पावसात काशाच्या खडकाजवळ लाटेच्या तडाख्यानं ती कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हतं. इतकं जवळ घडूनही मुंबईला दुपार उलटेपर्यंत पत्ता लागला नाही. रेवसकडच्या कोळ्यांनी पकडलेली मासळी पुन्हा समुद्रात ओतून आपल्या होड्या रिकाम्या केल्या आणि माणसं उचलली, असं आजोबा सांगतात. ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या बोटीही १९२७ च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी बुडाल्या होत्या, हेही त्यांच्या ध्यानात आहे. हे सगळं माहीत असून ते नातवंडांना घेऊन बोटीत बसले आहेत. त्यांना विचारू नका की भीती वाटत नाही का. गावी जायचं आहे, एवढंच त्यांचं उत्तर असेल.

सूर्य डोक्यावर येतो. डावीकडे खांदेरी-उंदेरीची जोडी येते. खांदेरीवर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघांचंही पित्त खवळलं होतं. आता तिथे १८६७ चा दीपस्तंभ आहे आणि बोटीवरच्या बायका बेटाच्या दिशेनं हात जोडतात, कारण बेटावर वेताळ आहे आणि तो कोळ्यांचा राखणदार आहे. या किनाऱ्यावर बोटीची ठिकाणं अशी बेटांवरून ओळखायची असतात. खांदेरी दिसली की मुंबई सुटली. काळ्या तटांचा जंजिरा दिसला की मुरूड आलं. सुवर्णदुर्ग दिसला की हर्णै. सिंधुदुर्ग दिसला की मालवण. ज्याला वाचता येत नाही, त्याचंही बंदर चुकत नाही.

उघड्या समुद्रात आल्यावर बोट डोलायला लागते. आधी गप्पा कमी होतात. मग एकेक जण आडवा होतो. आजी तुमच्याकडे बघते आणि तिला कळतं.

“बोट लागता काय? ह्यां लिंबू घेवा. पाण्याकडे बघू नकात.”

लिंबू हुंगा, आवळासुपारी तोंडात ठेवा, आडवे पडा. यापलीकडे औषध नाही. शेजारची नवी सून कठड्याशी जाऊन आली, तिची सासू पाठीवरून हात फिरवते आहे. घरी या दोघींचं फारसं पटत नसावं, पण बोटीवर तो हिशेब बंद असतो. डेकवर ओकारीचा, इंजिनाच्या तेलाचा, सुक्या मासळीचा आणि कुणाच्या तरी डब्यातल्या लसणीच्या चटणीचा वास एकत्र झाला आहे. या वासाची आठवण पुढे पन्नास वर्षं लोक प्रेमानं काढतील. आत्ता मात्र तुम्हाला त्यात प्रेमानं आठवण्यासारखं काही सापडणार नाही.

मुरूडला उतारू उतरतात, श्रीवर्धनला उतरतात. पण उतरण्याची खरी गंमत बघायची तर हर्णैला कठड्याशी या. ऊन कलतं आहे. सुवर्णदुर्गाच्या अलीकडे बोट नांगर टाकते, कारण किनाऱ्यापर्यंत जाईल एवढं पाणी नाही आणि तिला लागता येईल असा धक्काही नाही. किनाऱ्याकडून पडाव येतात. आठ-दहा वल्ही एका लयीत पडतात. पडाव बोटीला भिडतो आणि तुमच्या पोटात गोळा येतो. लाट आली की तो शिडीच्या बरोबरीला येतो, लाट गेली की पुरुषभर खाली जातो. उतरणाऱ्यानं तो वर असतानाच पाय टाकायचा. क्षणभर आधी टाकला तर पाण्यात, क्षणभर उशीर झाला तर हातपाय मोडून पडावात.

“आता! टाका पाय, आता!” खलाशी ओरडतो.

नऊवारी नेसलेली साठीची बाई डोळे मिटून पाऊल टाकते आणि दोन खलाशी तिला दंडाला धरून अलगद बसवतात. मग ट्रंका, वळकट्या, रॉकेलचा डबा, एक शिवणयंत्र. सगळ्यांत शेवटी तान्हं मूल या हातातून त्या हातात जातं. आईचा जीव मुठीत असतो, मूल मात्र हसत असतं. किनाऱ्याजवळ पडाव रेतीला लागला, की गुडघाभर पाण्यातून चालायचं. म्हाताऱ्यांना खलाशी खांद्यावर घेतात. मुंबईत ज्याला कुणी ओळखत नाही असा गिरणी कामगार असा खांद्यावर बसून आपल्या गावच्या रेतीवर उतरतो.

हे खलाशी कोण, तेही बघून ठेवा. कोळी आहेत, भंडारी आहेत, खारवी आहेत, गाबीत आहेत, बाणकोट-दाभोळकडचे मुसलमान दालदी आहेत. यांच्यातले कितीतरी जण पुढे परदेशी जहाजांवर नोकरीला जातात. या किनाऱ्याला पोहायला आणि वल्हवायला कुणी शिकवत नाही. शाळेच्या आधी ते येत असतं.

अंधार पडतो. दाभोळला वाशिष्ठीच्या तोंडाशी पुष्कळ लोक उतरले. चिपळूण-गुहागरची माणसं गेली. डेकवर थोडी जागा झाली आणि बोलीही बदलली. हर्णैपर्यंत आगरी-कोळी ऐकू येत होती, आता रत्नागिरीकडची संगमेश्वरी, आणि मध्यरात्रीनंतर निव्वळ मालवणी उरेल. कोकण एक आहे, हे नकाशावर कळत नाही. ते या डेकवर कळतं, कारण तिन्ही बोलींतून भांडण एकाच विषयावर चाललेलं असतं: भावकीतली जमीन.

कोपऱ्यात टाळ निघाले. लालबागच्या एका भजनी मंडळाची माणसं आहेत. मृदंग वळकटीतून आला. दोन अभंग होईपर्यंत ज्यांना बोट लागली होती तेही उठून बसले. वरच्या वर्गातला एक वकील कठड्यावर ओणवून ऐकतो आहे. तो खाली येत नाही, पण परतही जात नाही.

रात्री जयगडचा दिवा दिसतो. कुणीतरी झोपेतच विचारतं, “जयगड?” आणि दुसरं कुणीतरी झोपेतच हो म्हणतं. रत्नागिरीला पुन्हा पडाव, पुन्हा आरडाओरडा, कंदिलांच्या उजेडात पुन्हा तीच ट्रंकांची देवाणघेवाण. टपालाच्या थैल्या उतरतात. गिरणगावातून निघालेल्या मनीऑर्डरींवर इथली घरं चालतात. आंब्याचे दिवस आहेत, त्यामुळे उलट दिशेच्या बोटीसाठी पेट्यांची थप्पी बंदरावर लागली आहे. माणसं मुंबईहून कोकणात आणि हापूस कोकणातून मुंबईत, असा हा महिना असतो. जूनचा पाऊस लागला की हे सगळं बंद. लांब पल्ल्याच्या बोटी मग पावसाळाभर येत नाहीत. पुन्हा समुद्र निवळेपर्यंत आजारी माणूस, लग्नाची बोलणी, कोर्टाची तारीख, सगळं खोळंबून राहतं.

विजयदुर्ग, देवगड. पूर्वेला फटफटतं. आजोबा तुम्हाला हलवून उठवतात. समोर सिंधुदुर्ग आहे. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर याचा पाया घातला. आजोबांना साल ठाऊक नाही, पण किल्ल्याभोवतीचे खडक पाण्याखाली कुठे कुठे आहेत हे त्यांना ठाऊक आहे. पडावाचा तांडेल त्यांच्याच वाडीतला निघतो. किनाऱ्यावर सगळं गाव उभं आहे. ज्यांचं कुणी यायचं नाही तेही आले आहेत. कोण आलं, काय आणलं, कोण वाळलं, कुणाच्या हातात घड्याळ आलं, याची नोंद बंदरावरच होते आणि बोटीचं माणूस घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचते.

ही माणसं उतरली, की तुम्ही थोडे पुढे चला. साल १९७६. आता तिकीट दशमान पैशांत आहे, कुठलंही बंदर मुंबई राज्यात नाही, आणि पणजी भारतात आहे. मधल्या काळात बोटी चौगुल्यांनीही चालवल्या. आता सरकारी मोगल लाइनच्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ आहेत. हज यात्रेकरूंना जेद्दाला नेणारी ती हीच कंपनी. बोट सकाळी निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवी नदीत शिरून पणजीला लागते. डेकवर तुमच्या शेजारी या वेळी लांब केसांचे गोरे तरुण आहेत, अनवाणी, गिटार घेऊन. ते हणजुणेला निघाले आहेत. सावंतवाडीकडची एक काकू त्यातल्या एका मुलीच्या वाळलेल्या हातांकडे बघून हळहळते आणि तिच्या पुढ्यात घावन ठेवते. मुलगी खाते. काकू दुसरं ठेवते.

पण काहीतरी बदललं आहे. वाटेतले थांबे कमी झाले आहेत. हर्णैचे, दाभोळचे, मुसाकाझीचे उतारू कुठे गेले? ते परळच्या डेपोत आहेत. १९४८ मध्ये सुरू झालेली एस.टी. आता त्यांच्या वाडीपर्यंत जाते. मुंबई-गोवा रस्त्यावर खाड्यांना पूल झाले. रात्री बसलं की सकाळी घराच्या वळणावर उतरता येतं. लिंबू लागत नाही, पडावात उडी मारावी लागत नाही, पावसाळ्यात गाडी बंद पडत नाही. आणि डोंगर उघडे पडत गेले, तशी खाड्यांची तोंडं गाळानं भरत गेली. जिथे बोटी आतपर्यंत येत होत्या, तिथे आता ओहोटीला होडीही टेकते. बोट कुणी एका दिवशी बंद केली नाही. आधी तिचा उतारू गेला, मग तिचं पाणी गेलं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ही सेवा थांबली. नव्वदच्या दशकात दमानियांची वेगवान कॅटामरान मुंबईहून गोव्याला सुमारे सात तासांत जाऊ लागली. ती वातानुकूलित होती, तिच्या खिडक्या बंद होत्या आणि मधल्या बंदरांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तीही टिकली नाही. मग २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि प्रश्नच मिटला. २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ नावाची क्रूझ मुंबई-गोवा निघाली, तिच्यावर पोहण्याचा तलाव होता. २०२० च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते. माणूस गाडीत बसून बोटीत शिरतो आणि गाडीत बसून बाहेर पडतो.

आता आजच्या सालात परत या आणि सरळ हिशेब करू. जुनी बोट सुखाची नव्हती. गर्दी मर्यादेबाहेर असे, सोयी नव्हत्या आणि ‘रामदास’ची किंमत शेकडो घरांनी मोजली. रस्ता आणि रेल्वे झाले हे चांगलंच झालं. कुणाची आई बाळंतपणात अडली, तर तिला पडावातून न्यावं लागत नाही. त्या काळाचे गोडवे गाताना हे विसरणं म्हणजे आपल्याच आजीशी खोटं बोलणं आहे.

तरीही एक गोष्ट आपण गमावली आणि ती गमावल्याचं आपल्या लक्षातही आलं नाही. बोट होती तोवर कोकणाचं पुढचं दार समुद्राकडे होतं. पाहुणा समुद्राकडून यायचा, बातमी समुद्राकडून यायची, पैसा समुद्राकडून यायचा. हर्णै, दाभोळ, जयगड, मुसाकाझी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्लं ही एकाच ओळीतली घरं होती आणि एका डेकवरून रोज एकमेकांना भेटत होती. रस्त्यानं हे दार घाटाच्या बाजूला नेलं. बंदराकडची बाजू परसदार झाली. आज दाभोळच्या माणसाला देवगडला जायचं कारण पडत नाही, आणि दोघंही एकमेकांना मुंबईच्या लोकलमध्येच भेटतात.

तुमच्या घरात सत्तरी-ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर या सुट्टीत त्यांना बोटीचं विचारा. कोणती बोट, कुठलं बंदर, पडावाचा तांडेल कोण, पथारी कुठे टाकायचे, काय खायचे, सगळं विचारा आणि लिहून ठेवा. कंपन्यांचे हिशेब कुठेतरी दप्तरात असतील, पण डेकवर काय चालायचं ते फक्त या लोकांजवळ आहे. आणि ज्यांच्या हातात किनाऱ्यावर पुन्हा बोटी सुरू करण्याचे निर्णय आहेत, त्यांना एकच सांगणं: मोटारींसाठी जागा ठेवा, पर्यटकांसाठी ठेवा, पण वळकटी घेऊन गावाला निघालेल्या माणसाला परवडेल असं डेकचं तिकीट आधी छापा, आणि बोट त्याच्या बंदरावर थांबवा.